चावट सिनेमा भरल्या थिएटरात कसा बघावा

चावट विनोदी सिनेमा घरी एकट्याने लावला की बऱ्याचदा नुसता फाजील वाटतो, आणि तोच हाऊसफुल थिएटरात पोट दुखेपर्यंत हसवतो. कमरेखालच्या विनोदात निम्मी गंमत पडद्यावर असते. उरलेली निम्मी 'हे आत्ता सगळ्यांनी एकदमच ऐकलं' यात. अमेरिकी संशोधक रॉबर्ट प्रोवाइन यांनी लोकांना आपल्या हसण्याची रोजनिशी लिहायला लावली होती. माणूस एकटा असताना जितका हसतो, त्याच्या साधारण ३० पट चारचौघांत हसतो, असं त्यातून निघालं. म्हणजे तिकिटाच्या पैशात सिनेमाइतकीच ती गर्दीही येते. अडचण एवढीच की गर्दीचं हसू आणि पुढचा संवाद एकमेकांवर चढतात. दोन्ही पदरात पाडून घ्यायचे तर शो, जागा, सोबत आणि स्वतःचं हसणं, सगळंच जरा आधी ठरवावं लागतं.

शो निवडताना

पहिला शनिवार-रविवार, संध्याकाळचा किंवा रात्रीचा शो. अशा सिनेमाला पहिल्या आठवड्यात येणारी माणसं काय बघायला आलोय हे ठाऊक असलेली असतात. ती पहिल्याच शिवीला हसायला तयार असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला दुपारचा खेळ स्वस्त आणि निवांत असेल, पण तिथे पंधरा माणसं पंधरा कोपऱ्यांत बसलेली असतात आणि प्रत्येकाला आपलंच हसू मोठं वाटतं. आदल्या दिवशी बुकिंगचा नकाशा उघडून मधल्या ओळी भरत आल्यात का ते बघा. अर्ध्या भरलेल्या मोठ्या पडद्यापेक्षा गच्च भरलेला छोटा पडदा केव्हाही चांगला. विनोदी सिनेमाला पडदा किती फूट आहे याने फारसा फरक पडत नाही, माणसं किती दाटीने बसली आहेत याने पडतो.

बुकिंगआधी सिनेमाला मिळालेलं वयोगटाचं प्रमाणपत्र बघालच, पण त्याच्याजवळ कारणांची छोटी ओळ असेल तर तीही वाचा. 'भाषा' लिहिलं असेल तर शिव्या आणि द्व्यर्थी संवाद. 'नग्नता' किंवा 'लैंगिक दृश्यं' असेल तर नुसतं बोलणं नाही, दाखवणंही आहे. कोणाला सोबत न्यायचं ते या ओळीवर ठरतं. शिव्या ऐकून खळखळून हसणारी अनेक माणसं उघड्या अंगाचं दृश्य आलं की दगड होतात.

ट्रेलर एकदाच बघा, शक्यतो अर्धाच. चावट सिनेमाच्या ट्रेलरमध्ये सगळ्यात मोठे हशे आधीच उडवून टाकलेले असतात. त्यातही फक्त प्रौढांसाठीचा वेगळा ट्रेलर निघाला असेल तर तो अजिबात नको, कारण नेहमीच्या ट्रेलरमध्ये जे झाकलेलं असतं तेच त्यात उघडं केलेलं असतं.

परभाषेतला सिनेमा असेल तर सबटायटल की डबिंग, हा प्रश्न येतो. शब्दांचे खेळ असतील तर मूळ भाषा आणि सबटायटल घ्या. डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीला जुळवता जुळवता कोटी मरते. पडणं, धडपडणं, विजार फाटणं अशा अंगाने हसवणारा सिनेमा असेल आणि वाचायचा वेग कमी असेल, तर डबिंगने काही बिघडत नाही. सबटायटलचा एक तोटा मात्र असतो. ओळ पडद्यावर आधी येते, नट नंतर बोलतो, त्यामुळे भरभर वाचणारे आधी हसतात आणि ऐकणारे मागून. भाषा थोडीफार समजत असेल तर नजर मुद्दाम चेहऱ्यावर ठेवा आणि अडलं तरच खाली बघा.

जागा

पडद्यापासून मागे जात जात दोन तृतीयांश अंतरावर, मधोमध बसावं, असं सिनेमाप्रेमी सांगतात. आवाजासाठी ते बरोबरच आहे. चावट विनोदी सिनेमासाठी त्यापेक्षा दोन-तीन ओळी पुढे सरका, म्हणजे मागे पाच-सहा ओळी भरलेल्या राहतील. हसण्याची लाट पाठीमागून अंगावर येते तेव्हा तिच्यात सामील व्हायला काहीच कष्ट पडत नाहीत. अगदी शेवटच्या ओळीत बसलात तर सगळं हसू तुमच्यापासून दूर, पडद्याच्या दिशेने जातं. शिवाय त्या ओळीत सिनेमा बघायला न आलेली जोडपी असण्याची शक्यता जास्त. बाल्कनी असेल तर अशा सिनेमाला खालीच बसा.

भिंतीकडेच्या खुर्च्या टाळा. संवाद बहुतेक वेळा पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, तर बाजूच्या भिंतींवरच्या स्पीकरमधून संगीताचा भाग आणि आसपासचे आवाज. भिंतीला चिकटून बसलं की कानाशी पार्टीचा गोंगाट आणि लांबून कुजबुजलेली कोटी, असा प्रकार होतो. मारामारीच्या सिनेमात हे खपतं. इथे अर्धा शब्द गेला तर अख्खा विनोद गेला. मध्येच उठावं लागणार याची खात्री असेल तर मधल्या मोकळ्या वाटेला लागून असलेली खुर्ची घ्या.

सोबत कोण

तीन ते सहा जण उत्तम. एकाच ओळीत बसा आणि ज्याचं हसणं गडगडाटी आहे त्याला मधे बसवा; त्याच्या दोन्ही बाजूंचे आपोआप पेटतात. लाजाळू माणसाला टोकाला, पण अनोळखी माणसाशेजारी नको.

आई-वडील, सासू-सासरे, ऑफिसातले साहेब यांना अशा सिनेमाला नेऊ नये, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरी कधीकधी गळ्यात पडतंच. मग निदान शेजारी बसू नका, मधे दोन माणसं ठेवा. अवघड प्रसंग आला की नजर पडद्यावरच राहू द्या. पाण्याची बाटली शोधणं, मोबाइल काढणं, अचानक खोकला येणं ही सगळी सोंगं अंधारातही ओळखू येतात, आणि मोबाइलच्या उजेडात तर तुमचा लाल झालेला चेहराच दिसतो. हसू आलं तर हसून टाका. वडीलधारी मंडळी बहुतेक वेळा तुमच्या हसण्याचीच वाट बघत असतात, म्हणजे त्यांनाही हसता येतं. बाहेर आल्यावर त्या प्रसंगाचा विषय कोणीच काढायचा नाही, एवढं पाळलं की झालं.

पहिल्यांदाच कोणाला भेटताना हा सिनेमा निवडायचा असेल, तर समोरच्या व्यक्तीला आधी स्पष्ट विचारा आणि सिनेमा कसा आहे तेही सांगा. 'विनोदी आहे' एवढ्यावर नेणं म्हणजे दोन तास घाम फुटण्याची सोय.

निघण्याआधी सगळ्यांमध्ये एक करार करून घ्या: 'काय म्हणाला?' हे सिनेमा संपल्यावरच विचारायचं. भरल्या थिएटरात विनोदी सिनेमाची सगळ्यात जास्त वाट हाच प्रश्न लावतो. एकाने विचारलं, दुसऱ्याने सांगितलं, तोवर दोघांचाही पुढचा विनोद गेला आणि आसपासच्या चौघांचाही. दुसऱ्यांदा बघायला आलेला मित्र सोबत असेल तर त्याला वेगळी ताकीद द्या. विनोदाआधी दोन सेकंद खुदकन हसणारा माणूस पुढे काय होणार ते न बोलताही सांगून टाकतो.

हसायचं कसं

पहिली दहा मिनिटं चुकवू नका. चावट सिनेमा सुरुवातीलाच एखादी ढळढळीत गोष्ट टाकून प्रेक्षकांना चाचपतो. तेव्हाचं हसू पातळ असतं. जो तो शेजारी हसतोय का ते कानाने बघत असतो. इथे मोकळेपणाने हसणारी चार माणसं मिळाली तर पुढे अख्खं थिएटर सैल होतं, तर त्या चारांत तुम्ही असायला हरकत नाही. शिवाय इथेच पेरलेली एखादी किरकोळ वस्तू किंवा वाक्य शेवटाकडे परत येतं, आणि उशिरा आलेल्यांना सगळे का लोळताहेत ते कळत नाही.

मोठा हशा आला की तीन-चार सेकंद मनसोक्त हसा आणि मग आवाज उतरवा. गडबड याच ठिकाणी होते. चांगले संकलक हशानंतर थोडी जागा सोडतात: एखादा गप्प चेहरा, दार लावण्याची क्रिया, बिनकामाचं वाक्य. ही जागा किती ठेवायची याचा लोकांनी फार विचार केला आहे. मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदी नटांनी १९३५ च्या 'ए नाइट ॲट दि ऑपेरा' या आपल्या सिनेमातले प्रसंग चित्रीकरणाआधी गावोगाव रंगमंचावर करून बघितले होते आणि प्रेक्षक कुठे किती वेळ हसतात ते मोजलं होतं. पण तुमच्या थिएटरातली गर्दी त्या हिशोबापेक्षा जास्त हसली तर पुढचं वाक्य बुडणारच. अशा वेळी कान सोडा आणि नटांच्या चेहऱ्यांकडे बघा. समोरच्या पात्राची प्रतिक्रिया दिसली की बुडालेलं वाक्य साधारण काय असेल ते कळतं. नाहीच कळलं तर सोडून द्या.

तोंड उघडं ठेवून पोटातून हसा. दाबलेलं हसू नाकातून फुर्रकन निघतं आणि मग त्यालाच लोक हसतात. मांडीवर थाप मारा, पण पुढच्या खुर्चीला गुडघे लागू देऊ नका. हसताना पाय आपोआप उडतात, म्हणून टेकून, पाय आत घेऊन बसा. शिट्टी किंवा टोमणा फेकायचा मोह होतो. त्याने एकदा हशा मिळतो, दुसऱ्यांदा त्रास होतो. पडद्यावरच्या चावटपणाच्या जोरावर आसपासच्या अनोळखी बाईकडे वळून बघणं, तिच्याकडे रोख ठेवून काही बोलणं, हे तर अजिबातच नाही. तिनेही तिकीट हसण्यासाठीच काढलेलं असतं.

सगळे हसताहेत आणि तुम्हाला तो विनोद हीन वाटला, तर हसू नका. कोणी मोजत नसतं. एखाद्याच्या अंगावर, जातीवर, व्यंगावर मारलेल्या विनोदावर थिएटर थंड पडतं ते ऐकण्यासारखं असतं. पाचशे माणसं न ठरवता एकदम गप्प होतात.

घोट, घास आणि तब्येत

खाणं शक्यतो सिनेमाआधी उरका. आत खायचंच तर हशा ओसरून पात्रं इकडून तिकडे जात असताना खा. पडद्यावर अचानक शांतता पसरली, पात्र थबकलं, संगीत थांबलं की हातातला घास हातातच ठेवा, कारण विनोदी सिनेमात शांतता म्हणजे स्फोटाआधीची वात. गिळताना श्वासनलिका बंद होते आणि हसताना ती उघडून हवा आत ओढली जाते. दोन्ही एकदम झालं की ठसका. खोकला येतोय, आवाज फुटतोय तोवर त्या माणसाला खोकू द्या. खोकता-बोलता येईनासं झालं तर मात्र त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्या आणि मदतीसाठी ओरडा.

दमा असेल तर इनहेलर पिशवीत न ठेवता खिशात ठेवा. खूप हसण्यानेही दम लागतो. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर हा सिनेमा काही आठवडे थांबेल. टाके जुने असून अजून ओढ बसत असेल तर घडी केलेलं जाकीट पोटाशी घट्ट धरून बसा. बाळंतपणानंतर किंवा वयाने हसताना लघवीचा थेंब सुटणं फार जणींना होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दिवे मालवण्याआधी जाऊन या, पॅड लावा आणि मग बिनधास्त हसा. डोळ्यांतून पाणी येईलच, तेव्हा कॉन्टॅक्ट लेन्सपेक्षा चष्मा आणि काजळाऐवजी कोरडा रुमाल बरा.

मध्यंतर नसेल आणि उठावंच लागलं तर वेळ साधा. बहुतेक चावट विनोदी सिनेमांत तीन चतुर्थांशाच्या आसपास मित्रांचं भांडण होतं किंवा जोडी तुटते, मंद संगीत लागतं आणि नायक पावसात किंवा गाडीत एकटा बसतो. शंभर मिनिटांच्या सिनेमात हे साधारण सत्तरीच्या पुढे येतं. त्या पाच मिनिटांत विनोद जवळपास नसतात. जा, आणि तो माफी मागायला धावत सुटायच्या आत परत या. शेवटचा मोठा गोंधळ त्याच्यानंतरच असतो.

नामावली सुरू झाली की लगेच उठू नका. चित्रीकरणातले फसलेले प्रसंग, नटांचं हसू न आवरणं, संकलनात कापलेला एखादा अतिचावट तुकडा अशा सिनेमांत बऱ्याचदा इथे लावतात. बाहेर पडताना जिन्यात आणि दारात पुढच्या शोची माणसं उभी असतात. तिथून जाताना शेवटच्या प्रसंगाची नक्कल करू नका, 'तो काय म्हणाला होता?' हा राखून ठेवलेला प्रश्नही रस्त्यावर पोचल्यावरच विचारा.