नागपूरहून हैदराबादच्या थीम पार्कला: सगळ्यात लहान मुलाच्या मापाने आखलेली सहल

हॉटेल शोधण्याआधी घरातली भिंत आणि पेन्सिल घ्या. मुलाच्या चपला काढा, टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवून त्याला सरळ उभं करा. डोक्यावर एक जाड पुस्तक आडवं धरून त्याखाली खूण करा आणि टेपने मोजा. पार्कमध्ये वयापेक्षा उंचीला महत्त्व असतं. झुल्यात मांडीवर येणारा लोखंडी दांडा मोठ्यांच्या कमरेच्या मापाने बनवलेला असतो. लहान मूल त्याच्याखालून सरकतं, म्हणूनच दारात उंचीची पट्टी लावलेली असते. तिथल्या माणसाशी कितीही हुज्जत घातली तरी तो सोडत नाही, आणि सोडूही नये. दोन वर्षांचं मूल साधारण ८५ ते ८८ सेंमी असतं, चार वर्षांचं १०० च्या थोडं वर, सात वर्षांचं १२० च्या आसपास. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक झुल्याची किमान उंची दिलेली असते. घरीच यादी काढा, मुलाला जे चालतात तेवढेच त्याला दाखवा. "हा तुझा, तो दादाचा" हे आधी ठरलं असेल तर रांगेतलं रडणं बरंच वाचतं.

नागपूरकरांना लहान मुलांसोबत सोपं पडतं ते हैदराबाद. खोपोलीचं इमॅजिका पार्क चांगलं आहे, पण त्यासाठी रात्रभराचा रेल्वेप्रवास आणि पुढे टॅक्सी आलीच. तिकडेच जायचं असेल तर कल्याणला उतरून खोपोली गाठा. पुण्याकडून गेलात तर बोरघाट उतरावा लागतो आणि मागच्या सीटवर बसलेल्या मुलांना हमखास उलटी होते. हैदराबादला मात्र नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत दिवसाउजेडी पोचवते. पहाटे ५ च्या सुमारास निघते, दुपारी सव्वाबारापर्यंत सिकंदराबादला लागते. परतीची दुपारी १ च्या सुमारास सुटते आणि रात्री आठनंतर नागपुरात येते. आठवड्यातून एक दिवस ही गाडी नसते, म्हणून आधी गाडीचा वार बघा आणि मग हॉटेल घ्या.

जाण्याचा सगळ्यात उत्तम काळ म्हणजे भाऊबीज झाल्यावरचे दिवस. तेलंगणातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला जेमतेम एखादा दिवस. त्यामुळे आपली मुलं सुट्टीवर असतात तेव्हा तिकडची शाळेत बसलेली असतात. सोमवार ते शुक्रवार यातला दिवस धरला तर रांगा लहान मिळतात, आणि ऊनही सोसण्याजोगं असतं. मे महिन्यात मात्र तान्ह्या-लहान्यांना घेऊन जाऊ नका. नागपूरच्या उन्हाची सवय आहे म्हणून हैदराबादचं ऊन चालेल, हा हिशेब चुकतो. घरी आपण दुपारी कूलरसमोर असतो, तिथे सिमेंटवर उभे असतो. दुसरी संधी जूनच्या मध्यावर. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात आणि तेलंगणातल्या १२ जूनच्या आसपास सुरू होतात, म्हणजे मधले आठ-दहा दिवस हाती लागतात. पण तेव्हा पाऊस असतो, आणि विजा चमकल्या की उंच झुले नि पाण्याच्या घसरगुंड्या थांबवतात.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ ला उघडतं. पोळा ते लक्ष्मीपूजन म्हणजे दोन अमावास्यांचं, ५९ दिवसांचं अंतर. म्हणून भाऊबीजेनंतर दोन-तीन दिवसांनी निघायचं असेल तर तिकीट गणपती बसतात त्याच सुमारास काढावं लागतं (मध्ये अधिक महिना आला तर हा हिशेब बदलतो). तान्हा पोळा झाला की कॅलेंडरवर खूण करून ठेवा. परतीचं तिकीट, जितके दिवस मुक्काम तितकेच दिवस पुढे उघडतं, ते विसरू नका.

पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट नको असेल तर तिकीट लागत नाही. तरी सव्वासात तास चार वर्षांचं मूल मांडीवर घेऊन बसणं कठीण आहे. सीट घेतली तर पूर्ण भाडं पडतं, पण आमच्या मते या सहलीतला हा सगळ्यात सार्थकी लागणारा पैसा. सामान आदल्या रात्री दाराशी आणून ठेवा, मुलाला प्रवासाच्या कपड्यातच झोपवा आणि पहाटे झोपेतच उचला. डब्यात दशम्या, चिवडा, केळी घ्या. प्यायला दूध नको, सकाळी गाडीत ते उलटतं.

पोचल्या दिवशी पार्क ठेवू नका. हा दिवस जेवण, झोप आणि फार तर संध्याकाळच्या फेरफटक्याचा. मुक्काम स्टेशनजवळ न करता एल.बी. नगर किंवा वनस्थलीपुरमकडे करा. झुल्यांचं आणि पाण्याच्या खेळांचं पार्क वंडरला आऊटर रिंग रोडच्या १३ नंबरच्या एक्झिटजवळ रावीरयालला आहे आणि रामोजी फिल्म सिटी विजयवाडा हायवेवर हयातनगरच्या पुढे, म्हणजे दोन्ही शहराच्या याच अंगाला पडतात. सिकंदराबाद मात्र उत्तरेला आहे. तिथे राहिलात तर रोज सकाळ-संध्याकाळ शहर ओलांडावं लागतं, आणि परतताना थकलेली मुलं गाडीत रडतात.

दोन पार्क की एक? घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर एकच, आणि ते वंडरला. रामोजी १९९६ पासूनचं मोठं चित्रपटनगर आहे. तिथे बसमधून सेट बघणं, गाइडचं बोलणं ऐकणं, शोसाठी थांबणं यात दिवस जातो. सोबत आजी-आजोबा असतील, मुलं सात-आठची असतील तर रामोजी छान. लहानांसाठी तिथलं फंडुस्तान (मुलांच्या खेळांची जागा), पक्ष्यांचं आणि फुलपाखरांचं उद्यान तेवढं धरा. बोरासुराच्या अंधाऱ्या गुहेत आणि वाइल्ड वेस्टच्या गोळीबाराच्या शोला त्यांना नेऊ नका. घाबरलेलं मूल उरलेला दिवस कडेवरून उतरत नाही.

वंडरला २०१६ ला सुरू झालं. ८५ सेंमीखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, १४० पर्यंत मुलांचं तिकीट. फास्टट्रॅक पास मोठ्या झुल्यांची रांग टाळण्यासाठी असतो, लहान मुलांसोबत तो घेण्यात अर्थ नाही. दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचा, आधी कोरडे छोटे झुले करा. साडेबाराला जेवण, कारण एकनंतर उपाहारगृहात ताटासाठी उभं राहावं लागतं. मुलांसाठी दहीभात मागा, तेलुगूत त्याला पेरुगन्नम म्हणतात. बाकी भाज्या झणझणीत असतात. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, बाळाचं खाणं तेवढं चालतं. जेवणानंतर तासभर सावलीत, मांडीवर झोप लागली तर लागू द्या. पाण्यात उतरायचं ते दोन-अडीचनंतर. बरीच कुटुंबं आधी पाण्यात जातात, मग ओली, भुकेली, पेंगुळलेली मुलं घेऊन जेवणाच्या रांगेत उभी राहतात, आणि तिथे दिवस बिघडतो.

पाण्यात सुती कपडे चालत नाहीत. सूत पाणी धरून जड होतं, आणि त्याचे धागे सुटून गाळणीत अडकतात. नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख नागपुरातूनच न्या, मापाचा. रंग भगवा, पोपटी किंवा गडद गुलाबी घ्या, निळा किंवा पांढरा नको, पाण्याखाली तो दिसत नाही. डायपरमधल्या मुलाला पोहण्याचं डायपर लागतं, साधं डायपर पाणी पिऊन फुगतं. रबरी चपला ठेवा, फरशी तापते आणि निसरडीही असते. सनस्क्रीन ऊन लागायच्या २० मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी. एका मोठ्याने एकाच मुलावर डोळा ठेवायचा. "सगळेच बघतोय" म्हणजे कुणीच बघत नाही. लाटांच्या तळ्यात लाटा सुरू व्हायच्या आधी भोंगा वाजतो. तो ऐकला की मुलाला घोट्याइतक्या पाण्यात आणा. दर २० मिनिटांनी बाहेर काढून घोट-घोट पाणी द्या, पाण्यात असलं की तहान कळत नाही. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजू लागले की त्या दिवसाचं पाणी संपलं. टॉवेलने केस नीट कोरडे करा, कपडे बदला, मगच एसी गाडीत बसवा. जुलाब झाले तर ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, अर्ध्या ग्लासात अख्खं ओतू नका. त्याने त्रास वाढतो.

हरवण्याची भीती सगळ्यांनाच असते, तयारी थोडेच करतात. सकाळी हॉटेलच्या दारात, त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचा फोटो काढा. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, पक्क्या शाईच्या मार्करने मोबाइल नंबर लिहा आणि पाण्यातून बाहेर आलात की पुन्हा गिरवा. हैदराबादेत हिंदी चालते, तेव्हा मुलाकडून पूर्ण नाव आणि "मेरी मम्मी का नंबर" एवढं पाठ करून घ्या. हरवलास तर चालत सुटायचं नाही, जिथे आहेस तिथेच उभं राहायचं, हे रोज एकदा सांगा.

जाण्याआधी महिनाभर एखाद्या रविवारी बाजारगावच्या वॉटर पार्कला अर्धा दिवस जाऊन या. पोशाख टोचतो का, मूल घसरगुंडीला घाबरतं का, किती वेळाने कुरकुर सुरू होते, हे तिथेच कळतं, आणि संध्याकाळी आपल्याच घरी झोपायला मिळतं.

परतीच्या दिवशी सकाळी काहीही ठरवू नका. एल.बी. नगरहून सिकंदराबादला टॅक्सीने तास-सव्वा तास धरा, साडेदहाला खोली सोडा. ओले कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि एक कोरडा जोड हातातल्या बॅगेत. रात्री नागपूरला उतरताना मूल झोपलेलं असणार, म्हणून स्टेशनवर घ्यायला येणाऱ्याला बल्हारशाह आलं की फोन करा.