भयकथा लिहिताय? या चुका टाळा

नवी भयकथा वाचायला देताना बहुतेकांची तक्रार एकच असते: "वाडा आहे, अमावस्या आहे, सगळं घातलंय. पण भीती काही वाटत नाही." अशी कथा हातात आली की मी आधी विशेषणांखाली रेघा मारते. भयाण, भेसूर, अक्राळविक्राळ, काळीज चिरणारी. वाचकाला काय वाटायला हवं ते हे शब्द आधीच ठरवून टाकतात, मग त्याने स्वतः घाबरायचं कुठे?

एक उदाहरण घेऊ. 'समोर सासूबाईंची भेसूर आकृती बघून तिची बोबडी वळली.' हे वाक्य पूर्ण काढून टाका. घर कोकणातलं आहे. सासूबाईंचं तेरावं होऊन गेलंय, त्यांची लुगडी वाटून टाकलीत. सकाळी सून मागच्या दारी येते तर दोरीवर एक लुगडं वाळत घातलेलं. घरात सगळ्या जणी चिमटे लावतात. सासूबाई तेवढ्या काथ्याच्या दोरीचा पीळ उकलून त्यात काठ अडकवायच्या. काठ तसाच अडकवलाय. सून हात लावून बघते. लुगडं ओलं आहे.

इथे थांबायचं. 'ती थरथर कापू लागली' हे वाक्य हात आपोआप लिहून जातो, ते खोडा.

भुतांना त्यांचं घर द्या

आपल्याकडे प्रत्येक भुताला ठिकाण आहे, स्वभाव आहे. मुंज झालेला पण सोडमुंजीच्या आत गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. गिऱ्हा पाण्यातला. चकवा जीव घेत नाही, वाट चुकवतो. माणूस रात्रभर चालून पुन्हा त्याच बांधावर येतो. गिऱ्ह्याला पिंपळावर बसवलं आणि चकव्याला नरडं दाबायला लावलं, तर गावाकडचा वाचक तिथेच पुस्तक मिटतो. स्वतःचं नवं भूत जरूर घडवा, पण त्याला काय जमतं आणि काय जमत नाही हे ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

राखणदार देवतांच्या बाबतीत तर फार जपून. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या चामडी चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. अशा देवाला रक्त प्यायला लावणं हा श्रद्धेचा अपमान तर आहेच, शिवाय हाती आलेली कथाही वाया जाते. खरी भीती उलट बाजूला आहे. एखाद्या कल्पित गावात सकाळी राखणदाराच्या चपलांना धुळीचा कणही लागलेला नाही. म्हणजे रात्री तो फिरलाच नाही. मग वेशीतून आत कोण आलं?

मांत्रिक आणताना 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आठवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बाईला मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्या छळाने ती 'बरी झाली' असं दाखवू नका. तो माणूस कथेत हवाच असेल, तर खरा धोका तोच असू द्या.

मधेच कथा रेंगाळते तेव्हा

बहुतेक जण इथे दुसरं भूत आणतात. त्यापेक्षा वाचकाला पात्रांपेक्षा थोडं जास्त माहीत असू द्या. सुनेने ते ओलं लुगडं गुपचूप ट्रंकेत ठेवलं, नवऱ्याला सांगितलं नाही. आता नवरा जेवताना सहज "ट्रंकेची किल्ली कुठाय गं?" म्हणाला तरी वाचक सावरून बसतो. एवढं साधं वाक्य, आणि त्यात भीती भरलेली! या लेखनातला मला सर्वात आवडणारा क्षण हाच.

माहिती दडवण्यातही प्रामाणिकपणा लागतो. 'मी' सांगणाऱ्यानेच खून केला असेल आणि त्याने ते मनातही येऊ दिलं नसेल, तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. त्याने खोटं बोलावं, टाळावं, पण दुसऱ्यांदा वाचताना ती टाळाटाळ दिसली पाहिजे.

मोबाइलची रेंज नेमकी गेली, हे आता पुरे. फोन चालू असूनही कुणाला सांगता येत नाही, अशी अडचण शोधा.

शेवट

'ते स्वप्न होतं' आणि 'तो तर वीस वर्षांपूर्वीच वारला' हे दोन्ही शेवट वाचक लांबूनच ओळखतो. शेवटच्या परिच्छेदात सगळ्याची कारणं द्यायचा मोह झाला, तर तो परिच्छेद काढा आणि कथा कुणालातरी रात्री मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने "मग पुढे?" विचारलं तर तसंच राहू द्या. "म्हणजे नक्की काय झालं?" विचारलं तर आधीचा एखादा धागा कमी पडलाय. तो शेवटी सांगत बसू नका, पहिल्या दोन पानांत पेरा.