आधी फावडं, मग कुत्रा

बर्फात गाडलेल्या माणसांना काढायचं काम शिकणार, असं घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आधी फ्रीजमधला बर्फ काढ." नागपूरकराचा बर्फाशी संबंध तेवढाच, नाहीतर मग उसाच्या रसापुरता. तरी अधूनमधून एखादं पोट्टं विचारतंच, "दादा, ते हिमस्खलनातले कुत्रे सांभाळायची नोकरी कशी लागते?"

थेट लागत नाही. परदेशातल्यासारखा स्नो रेंजर हा हुद्दा आपल्याकडे नाही. हे काम मुख्यतः लष्कर, आयटीबीपी म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस, आणि आपत्ती दलं करतात. एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, त्याची अकादमी नागपुरातच, म्हणून मी हुरळलो होतो. नंतर कळलं की त्या दलात जवान बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी अशा दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. आयटीबीपीचं श्वान केंद्र हरियाणात भानूला आहे, पण तिथेही वर्दी घालूनच पोचायचं.

वर्दी नको असेल तर उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग इथल्या गिर्यारोहण संस्था. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा. ॲडव्हान्ससाठी त्यात 'ए' ग्रेड लागते. मला पहिल्या खेपेला 'बी' मिळाली. चूक माझीच, गुडघे तयार नव्हते.

कोर्सला गेलो कुत्र्याच्या वेडापायी, पण डोक्यात पक्कं बसलं ते फावडं. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांच्या आत निघाला तर बहुतेकदा वाचतो. अर्धा तास उलटला की आशा झपाट्याने संपते. कुत्रा हेलिकॉप्टरने यायलाच तेवढा वेळ जातो. म्हणून जीव वाचवतो तो शेजारी चालणारा सोबती. त्याच्याकडे तीन वस्तू हव्यात: ४५७ किलोहर्ट्झवर एकमेकांचा सिग्नल पकडणारा बीकन, खुपसून अंदाज घ्यायची लांब सळई म्हणजे प्रोब, आणि फावडं. थांबलेलं स्खलन सिमेंटसारखं घट्ट होतं, हाताने उकरणं विसरा. आणि सरळ डोक्यावरून खणू नका. उताराच्या खालच्या बाजूने आत शिरा. वरून खणलं तर तुमचंच वजन गाडलेल्याच्या हवेच्या पोकळीवर येतं.

मग कुत्रा कशाला? बीकन नसलेल्यांसाठी. माणसाचा वास बर्फातल्या बारीक पोकळ्यांतून वर झिरपतो. वीस जणांची प्रोबची रांग जी जागा तासन् तास चाळत बसते, ती कुत्रा अर्ध्या तासात हुंगून मोकळा होतो. २०१६ मध्ये सियाचिनला लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, त्या शोधात डॉट आणि मिशा हे कुत्रे होते. हनुमंतप्पा मात्र तीन दिवसांनी दिल्लीत वारले. असा प्रसंग अपवादानेच घडतो, त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

नवख्याला सरावात मिळणारं पहिलं काम लपायचं. नागपुरातच एकदा ढिगाऱ्यातल्या पाइपात मी चाळीस मिनिटं पडून होतो, अंगाची लाही होत होती. कुत्रा भुंकत आला की त्याचं आवडतं खेळणं काढून मनसोक्त खेचाखेची करायची. त्याच्यासाठी हा सगळा खेळच असतो. कंटाळलेल्या चेहऱ्याने खेळलात तर पुढच्या वेळी तोही कंटाळतो. बर्फातही शिकवणी अशीच, फक्त पाइपाऐवजी खड्डा आणि खड्ड्याचं तोंड बर्फाने बुजवलेलं.

तयारी आजपासून करायची तर पहाटे पाचला सेमिनरी हिल्सची टेकडी गाठा. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून चढा आणि वर पोचलात की पाणी झाडांना ओता. उतरताना ओझं नको, माझे गुडघे तिथेच गेले होते.