ऊसतोड टोळीतली मुलं हंगामात शाळेत घेताना: पट, तांदूळ आणि वर्ग

साखर कारखान्यांचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता मात्र ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्यामुळे बीड, जालना, अहिल्यानगरचे मूल गावच्या पटावर मोजले जाते आणि त्याच्या वाट्याचा शिक्षक गावातच राहतो. दिवाळीनंतर मूल मात्र येऊन बसते कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या शाळेत. कारखाना पट्ट्यातल्या मुख्याध्यापकांनी पुढची सगळी कामे ही तारीख डोळ्यांपुढे ठेवूनच करायची आहेत.

यादी

टोळी कुठे उतरली हे सगळ्यात आधी कारखान्याच्या शेतकी खात्याला कळते. तिथल्या चिटबॉयकडून (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याकडून) मुकादमाचे नाव, कोयत्यांची म्हणजे तोडणाऱ्या जोड्यांची संख्या आणि कोप्यांची म्हणजे त्यांच्या झोपड्यांची जागा घ्या. सकाळी दहाला टोळीच्या तळावर गेलात तर म्हातारी माणसे आणि लहान पोरेच भेटतील. बाकीचे पहाटेच फडात गेलेले असतात. संध्याकाळी चुली पेटल्यावर जा. मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, वय, इयत्ता, मूळ शाळा, तिचे केंद्र (शाळांचा गट) आणि तालुका लिहून घ्या. तालुका राहिला तर ऑनलाइन नोंद शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

भावंडांची नावेही त्याच कागदावर हवीत. नऊ-दहा वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा तिच्या कडेवर असते. म्हणून अंगणवाडीसेविकेला त्याच फेरीत सोबत न्या. तीन ते सहा वर्षांचे भावंड अंगणवाडीत गेले की थोरली मोकळी होते. त्याहून लहान बाळ असेल, तर तळावर थांबणाऱ्या आजीशी बोलण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रवेश

मूळ शाळेने शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाची शैक्षणिक माहिती असलेले कार्ड) दिले असेल तर काम सोपे. पण बरीच मुले कार्डाशिवाय येतात. तेवढ्यावरून कोणाला परत पाठवू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम ४ वयानुरूप वर्गात बसवायला सांगते. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून कलम ५ नुसार, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून कलम १४ नुसार प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलाला कलम १५ चा आधार आहे.

सहा महिन्यांसाठी आलेल्या मुलाचा दाखला मागवायची घाई मात्र नको. एप्रिलमध्ये टोळी निघाली की तेच मूल मूळ शाळेच्या पटावर परत वर्ग करावे लागते, ऑनलाइन विनंती कुठेतरी अडकते आणि जूनमध्ये मूल दोन्हीकडून निसटते. वेगळे हंगामी हजेरीपत्रक ठेवा आणि मूळ मुख्याध्यापकांना फोनवर, शिवाय लेखी कळवा. पट घसरेल या धास्तीने काही मूळ शाळांत स्थलांतर लपवून मूल हजर दाखवले जाते. ३० सप्टेंबर उलटून गेल्यावर त्या वर्षीच्या पदाला धक्का बसत नाही, हे समोरच्याला शांतपणे सांगितले की पुष्कळदा गाठ सुटते. कुटुंब बारमाही राहणार असेल तरच दाखला घ्यायचा.

हिशेब

समजा पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट ३० आहे आणि टोळीतून ३१ मुले आली. शाळेत ६१ मुले झाली. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ला तीन. प्रत्यक्षात दोनच मिळतात. (राज्याचे संचमान्यतेचे निकष वेगळे असतात आणि बदलतात, चालू शासन निर्णय पाहूनच पत्र लिहा.) समग्र शिक्षा योजनेचे संयुक्त शाळा अनुदानही (शाळेच्या वार्षिक वरखर्चाचे) ३० पटापर्यंत १०,००० आणि ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये असे ठरलेले. खडू, वीजबिल, झाडू मात्र ६१ मुलांचे लागतात.

पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. ३१ मुलांचे रोजचे ३ किलो १०० ग्रॅम, म्हणजे २२ दिवसांच्या महिन्याला ६८ किलो जादा. ही मागणी मुले आल्याच्या आठवड्यातच केंद्रप्रमुखांमार्फत गेली पाहिजे, नाहीतर डिसेंबरात कोठी रिकामी होते आणि गावातले पालक टोळीच्या मुलांकडे बोट दाखवू लागतात. ते होऊ द्यायचे नसेल तर तांदळाचे पत्र आधी, बाकीचे नंतर.

शिक्षकासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, हंगामी हजेरीची प्रत आणि तळांची यादी जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे हंगामापुरता कामगिरीवर (दुसऱ्या शाळेतून तात्पुरता) शिक्षक मागा. नुसत्या अर्जाला किंमत नसते. मागच्या दोन-तीन हंगामांची महिनावार हजेरी जोडली की अधिकाऱ्यालाही वर लिहिता येते.

वर्गात

पहिल्या दोन दिवसांत पुस्तक उघडू नका. प्रत्येकाकडून एक सोपा परिच्छेद वाचून घ्या आणि हातच्याची दोन अंकी वजाबाकी करून घ्या. पाचवीतले मूल अक्षरांवर अडखळले तरी त्याला पाचवीतच बसवा; वाचनाच्या तासाला तेवढे पातळीप्रमाणे गट करा. दुसरीच्या बाकावर बसवलेले अकरा वर्षांचे पोर चौथ्या दिवशी फडात दिसते. घरी गोरमाटी (बंजारा बोली) किंवा भिली बोलणारी मुले प्रमाण मराठीत गप्प राहतात. ती मतिमंद आहेत असा शेरा मारण्याआधी त्यांच्याच बोलीत वस्तूंची नावे विचारून पाहा.

पाठ्यपुस्तके जूनमध्ये गावी मिळालेली असतात, पण पेटाऱ्यात येत नाहीत. केंद्रातल्या शिल्लक संचांची चौकशी करा.

परतताना

टोळी निघायचा दिवस आधी कळत नाही; कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले की रातोरात ट्रॅक्टर भरतात. म्हणून फेब्रुवारीअखेरच हजेरीचे दिवस, गुण आणि वाचनाची पातळी हमी कार्डावर भरून ठेवा आणि प्रत मूळ शाळेला पाठवा. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा व नापासांना फेरपरीक्षा आहे, तेव्हा या दोन इयत्तांचे गुण सगळ्यात आधी. कार्ड मुलाच्या दप्तरात नको, आईच्या हातात द्या.