दोन सुयांचा टाका: पहिलं कार्ड होल्डर हाताने कसं शिवावं

चामड्याचं काम शिकायला सुरुवात करायची असेल तर पाकीट, पट्टा, पिशवी यांतलं काहीही आधी हातात घेऊ नका. कार्ड होल्डर घ्या. तीन तुकडे, पन्नासेक टाके, एका रविवारचं काम. गेल्या नऊ वर्षांत मी ते इतक्यांदा शिवलंय की मोजणं सोडून दिलंय. आणि जो कोणी शिकायला येतो त्याचं अडतं ते एकाच जागी: शिवणीत. माझंही तिथंच अडलं होतं, सहा-सात महिने. म्हणून बाकीचं भराभर सांगते आणि शिवणीपाशी थांबते.

सामान

चाळीस हत्यारांचा संच मिळतो, तो घेऊ नका. त्यातली तीस हत्यारं कधी हातात येत नाहीत आणि उरलेल्या दहांना धार नसते. एवढंच लागतं: नवं पातं घातलेला कटर, स्टीलची पट्टी, भोकं पाडायला 4 मिमी अंतरावर दात असलेली डायमंड चिझल (एक दोन दातांची, एक चार दातांची), लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा, बोथट टोकाच्या दोन सुया, 0.8 मिमीचा मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा, कंपासपेटीतला डिव्हायडर, चप्पल दुरुस्तीवाल्याकडे असतं ते पिवळं सोल्यूशन आणि तीन वेगवेगळ्या नंबरचे पॉलिश पेपर. रापी (चांभाराची चामडं कापायची सुरी) वापरता येत असेल तर कटरची गरज नाही, पण ती धरायला वेगळं शिकावं लागतं.

चामडं मात्र नीट बघून घ्या. वनस्पतींच्या सालींनी, फळांनी कमावलेलं हवं; बाजारात त्याला ‘वेज टॅन’ म्हणतात. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचं. तमिळनाडूतून येणारं ‘ई.आय.’, म्हणजे ईस्ट इंडिया लेदर, तेही चालतं. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने, कमावलेलं मऊ चामडं पहिल्या कामाला अजिबात घेऊ नका, कारण त्याची कड घासून गुळगुळीत होत नाही. दुकानात ओळखायचं असेल तर कापलेली कड बघा: आत निळसर-राखाडी झाक दिसली तर ते क्रोम. घरी आणल्यावर न रंगवलेल्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब टाकला की वेज टॅन तिथं लगेच गडद होतं.

जाडी 1 ते 1.2 मिमी. मुंबईत धारावीला सायन-बांद्रा लिंक रोडवर दुकानांची रांगच आहे. विचारलं तर उरलेले तुकडेही दाखवतात, आणि कार्ड होल्डरला ते पुरतात. अख्खं चामडं एकट्याने घेण्यात अर्थ नाही. आम्ही सात-आठ जण महिन्यातल्या एका रविवारी एकाच्या घरी जमतो, मिळून एक चामडं आणतो आणि जमिनीवर पसरून वाटून घेतो. मानेकडचा, पोटाकडचा भाग ताणतो, तो सरावाला. पाठीचा भाग कामाला. एसटीतून निवृत्त झालेले एक काका वाटणी करतात आणि कुणाला पहिल्यांदा काही बनवायचं असेल तर पाठीचा तुकडा आधी त्याला देतात. तुमच्या गावात असे चार जण असतील तर शोधा. चिझल एकाची, मोठा क्लॅम्प दुसऱ्याचा, असं चालतं.

कापणी आणि चिकटवणं

कार्ड 85.6 बाय 54 मिमी असतं. मधला तुकडा 100 बाय 70 मिमी कापा आणि दोन खिसे 100 बाय 45 मिमी. एक पुढून, एक मागून. दोन्ही बाजूंना शिवणीची 4-4 मिमी गेली तरी कार्डाला सहा मिमी मोकळीक राहते. याहून घट्ट ठेवू नका. पातं एकदाच जोरात न ओढता दोन-तीनदा हलकं ओढा.

खिशांची वरची कड आत्ताच घासून घ्या (कशी, ते शेवटी ‘कड’मध्ये). चिकटवल्यावर तिथं हात पोचत नाही.

सोल्यूशन फक्त शिवायच्या तीन कडांच्या 4 मिमी पट्टीत, जोडायच्या दोन्ही तुकड्यांना लावा. बोटाला चिकटेनासं झालं की जोडा आणि दाबा. ओलं असताना जोडलं तर तुकडे सरकतात.

भोकं

डिव्हायडरने कडेपासून 3.5 मिमीवर रेघ ओढा. खाली जुना प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड ठेवा. चिझल अगदी उभी धरा, प्रत्येक वेळी पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात बसवून पुढे सरका, कोपऱ्यावर दोन दातांची वापरा. लोखंडी हातोडा नको. सुरुवात खिशाच्या वरच्या कडेच्या एक भोक वर करा, म्हणजे खिशाचं तोंड टाक्यात अडकतं. सगळ्यात जास्त ताण तिथंच येतो. प्रत्येक ठोक्यानंतर मागची बाजू उलटून बघा. मागची रेघ वाकडी जात असेल तर चिझल कलते आहे.

शिवण

आता खरं काम. हा टाका खोगीर शिवणाऱ्यांचा, म्हणून त्याला सॅडल स्टिच म्हणतात. पॅरिसची एर्मेस कंपनी 1837 साली घोड्यांचा साज बनवण्यापासून सुरू झाली आणि आजही हाच टाका घालते. आपल्याकडे कानपूरलाही खोगिरं हाताने शिवतात. ‘मशीनची शिवण जास्त मजबूत’ हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. ते चूक आहे. मशीनमध्ये वरचा दोरा वर राहतो, खालचा खाली, आणि दोघं चामड्याच्या आत एकमेकांत अडकतात. एक तुटला की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही आणि शिवण उसवत जाते. सॅडल स्टिचमध्ये एकाच दोऱ्याची दोन टोकं प्रत्येक भोकातून आरपार जातात, एक इकडून, एक तिकडून. एका ठिकाणी दोरा झिजून तुटला तरी दुसरा आपला टाका धरून राहतो.

दोरा किती? शिवणीच्या चौपट आणि वर दोन वीत. आपल्याला सव्वा मीटर पुरेल. दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा. टोकाकडचा दोरा सुईने मधोमध टोचून मागे ओढून घ्या, म्हणजे सुई निसटत नाही. कापडाची टोकदार सुई वापरू नका. तीच घरात असेल तर पॉलिश पेपरवर टोक घासून बोथट करा. याचं कारण पुढे येतं.

काम अशा तऱ्हेने धरा की दोन्ही हात मोकळे राहतील. विकतचा लाकडी चिमटा नसेल तर दोन फळ्यांमध्ये काम पकडून फळ्या मांड्यांत दाबा. चांगली बाजू उजवीकडे. शिवण पलीकडून स्वतःकडे यायला हवी.

पहिल्या भोकातून दोरा घालून दोन्ही टोकं समान करा. मग प्रत्येक भोकाला हेच, आणि याच क्रमाने:

आधी डावी सुई. ती डावीकडून उजवीकडे येते. उजव्या हाताने ती ओढून घ्या, दोरा हलकेच वर आणि पलीकडे धरा, म्हणजे भोकाची खालची बाजू मोकळी होते. आता उजवी सुई त्याच भोकात, आलेल्या दोऱ्याच्या खालून. ती अर्धी आत गेली की थांबा आणि पहिला दोरा मागेपुढे हलवून बघा. तो सहज सरकला तर ठीक. अडकला तर सुईने दोऱ्यालाच टोचलं आहे: सुई बाहेर काढा आणि पुन्हा घाला. टोचलेला दोरा पुढे ओढला जात नाही, टाका कधीच नीट बसत नाही आणि उसवायची वेळ आली तर तेही जमत नाही. बोथट सुई त्यासाठीच. मग दोन्ही हात एकाच वेळी, सारख्या जोराने, चामड्याला काटकोनात ओढा. दोरा चामड्यावर बसला की थांबा.

वाचायला सोपं आहे. मला ते जमत नव्हतं. पुढची बाजू बरी दिसायची, टाके तिरके, एकाखाली एक. मागची बाजू मात्र कुठे तिरकी, कुठे सरळ, कुठे टाका उचललेला. मी दोरा बदलला. महाग चिझल घेतली. भोकं मोठी करून पाहिली, कारण कुणीतरी सांगितलं होतं. मोठ्या भोकात दोरा डगमगतो, टाका आणखी खराब होतो. प्रत्येक टाक्याला पकडीने सुई ओढायचाही सल्ला मिळाला. पकड प्रत्येक टाक्याला लागत असेल तर चिझल आरपार गेलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एकदा चामडं बघायला कोल्हापूरला सुभाषनगरमध्ये गेले होते. एका कारागीरकाकांच्या समोर बसून शिवत होते. ते चपलेला चामड्याच्या वादीने टाके घालतात. दोन सुयांचा हा टाका त्यांच्या कामातला नाही. तरी ते हातातली भोकं पाडायची आरी खाली ठेवून माझ्या बोटांकडे बघत राहिले. पाचव्या टाक्याला म्हणाले, “ताई, थांबा. ह्यो टाका वरनं गेला बघा. आधीचं समदं खालनं हुतं.” मी म्हटलं, “काका, पुढून तर सारखेच दिसताहेत.” त्यांनी तुकडा माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि नखाने एक टाका दाखवला. तोच एक सरळ पडला होता.

कारण एवढंच. दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या खालून गेली तर दोन्ही दोरे भोकात एका तऱ्हेने बसतात. वरून गेली तर उलट्या तऱ्हेने बसतात, आणि त्या टाक्याचा तिरकेपणा जातो. खालून की वरून याला फारसं महत्त्व नाही. एकदा ठरलं की शेवटच्या भोकापर्यंत तेच, याला महत्त्व आहे. माझं दर चार-पाच टाक्यांनी चुकत होतं, कारण मी पुढच्या बाजूकडे बघत शिवत होते आणि उजवी सुई जिथं जागा मिळेल तिथून घालत होते. नजर भोकावर हवी. गप्पा मारत शिवायचं असेल तर आधी हात बसू द्या. पहिल्या तीन-चार कामांना तोंडाने ‘डावी, खालून, हलव, ओढ’ असं म्हणत शिवा. आमच्याकडे नवा माणूस आला की सगळे गप्प बसतात, म्हणजे त्याला त्याचं म्हणणं ऐकू येतं.

सराव कोऱ्या पट्टीवर करा आणि दोन रंगांच्या दोऱ्यांनी करा: एका सुईत लाल, दुसरीत पांढरा, सुरुवातीला दोन्हींची गाठ कडेवर मारा, दिसली तरी चालेल. शिवताना दोन्ही बाजूंना लाल-पांढरे टाके आळीपाळीने येतील. भोकात कुठला दोरा वर आहे आणि कुठला खाली ते रंगामुळे डोळ्यांना दिसतं, त्यामुळे क्रम कुठे मोडला ते लगेच कळतं. अशा तीन वीतभर पट्ट्या शिवल्याशिवाय कार्ड होल्डरला हात लावू नका. हे मी हट्टाने सांगते. ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी पहिलं काम उसवलं आहे, आणि उसवलेल्या भोकांत दुसऱ्यांदा टाका तितका चांगला बसत नाही.

ओढण्याच्या जोराबद्दल. नवखा माणूस जोर लावतो, कारण घट्ट म्हणजे मजबूत असं त्याला वाटतं. फार ओढलं की चामड्याची कड लाटेसारखी होते आणि दोरा चामडं कापत आत जातो. दोन-तीन टाके सैल घालून मग एकदम ओढायचं, तेही नको. प्रत्येक टाका त्याच्या जागी, तिथल्या तिथं बसवा. एक बैठक, एक जोर: अर्ध्यावर उठून दुसऱ्या दिवशी शिवलं तर दोन दिवसांचा हात वेगळा दिसतो. पन्नास टाक्यांना नवख्याला तासभर लागतो, तेवढा वेळ काढूनच बसा.

शेवटच्या भोकाशी आलात की दोन टाके उलटे, मागे या. दोन्ही दोरे मागच्या बाजूला काढा, 2 मिमी ठेवून कापा, लायटरची ज्योत जवळ न्या. पॉलिएस्टर वितळून गोळी होते, ती लायटरच्या तळाने दाबा. सुती किंवा तागाचा दोरा असेल तर हे करू नका, तो जळतो. मग टाक्यांवरून हातोडा हलकेच फिरवा.

कड

220 नंबरचा पॉलिश पेपर, मग 400, मग 600. गोंद कतीरा रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी बोटाने कडेला लावा आणि जीन्सच्या जुन्या तुकड्याने जोरात, लांब हात मारत घासा. कड गरम झाली आणि काचेसारखी चकाकली की झालं.

शिकवणीबद्दल एक सांगायचं राहिलं. ज्यांच्याकडून ही विद्या येते त्या चांभार आणि कातडी कमावणाऱ्या ढोर कुटुंबांना याच कामापायी पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलं गेलं. आज आपण तेच काम आवडीने, सुट्टीच्या दिवशी करतो. तेव्हा कुणा कारागिराच्या दुकानात बसून दोन तास शिकलात तर त्या दोन तासांचे पैसे द्या, आणि त्यांच्या मालाच्या किमतीत घासाघीस करू नका. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांतल्या अशाच हातांचं आहे.

तयार होल्डरमध्ये पहिल्या रात्री प्रत्येक खिशात दोन-दोन कार्डं घालून ठेवा. सकाळपर्यंत चामडं तेवढं सैलावतं आणि मग एक कार्ड सहज निघतं. पावसाळ्यात ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून कपाटात मोकळं ठेवा.