वायफाय आतल्या खोलीत पोहोचत नाही? आधी भिंत बघा, मग प्लॅन

नेट अडकायला लागलं की आपण पहिल्यांदा प्लॅन वाढवतो. शंभरचा दोनशे होतो, आणि मागच्या बेडरूममधलं गोल चक्र तसंच फिरत राहतं. घरापर्यंत नेट फायबरने येतं, घरात मात्र ते रेडिओ लहरींवर फिरतं. यातला कुठला टप्पा कच्चा आहे, ते आधी ठरवा.

१. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा. इथेच वेग कमी आला तर दोष वायफायचा नाही. राउटरवरचा ‘लॉस’चा (LOS, म्हणजे फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल असेल तर कंपनीलाच फोन करा. त्याआधी टीव्हीमागची पिवळी फायबर वायर करकचून दुमडलेली नाही ना, ते बघून घ्या. वळण निदान ६ सेंमी व्यासाचं हवं. वेग ९४-९५ एमबीपीएसवर अडत असेल तर पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे, नाहीतर केबलच्या आठपैकी चारच तारा जोडल्यात.

२. केबलवर सगळं ठीक असेल तर अँड्रॉइड फोनवर एखादं वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्या आणि खोलीखोलीत सिग्नल मोजा. आकडा डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) आणि उणे असतो. −५० म्हणजे झकास, −६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, −७५ च्या खाली तुटतो. दर ३ डीबीने आकडा घसरला की ताकद निम्मी होते, म्हणून −६० चा −६६ झाला तर ते थोडक्यावर सोडू नका.

३. आता जागा. बहुतेक घरांत मूळ दुखणं हेच असतं. वायर टाकणारा जिथून वायर आत आली तिथेच, दाराच्या कोपऱ्यात, राउटर ठोकून जातो. जोडणीच्या दिवशीच त्याला वायर जास्तीची ठेवायला सांगा आणि राउटर घराच्या मध्यावर, ५-६ फूट उंचीवर, उघड्यावर बसवा. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात जाड दगडी भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय (राउटरच्या दोन बँडपैकी वेगवान पण कमी पल्ल्याचा; दुसरा २.४) जवळपास मरतंच. नव्या टॉवरमध्ये वेगळी गंमत: अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतलेल्या घरात विटा नसतात, आतल्या भिंतीही सळई घातलेल्या काँक्रीटच्या. अशा ठिकाणी दारांच्या रेषेत राउटर ठेवला तर सिग्नल भिंतीऐवजी दारातून जातो. आरशाचं कपाट, फ्रिज, फिश टँक, लोखंडी तिजोरी यांच्यामागे तो कधीच नको. टीव्ही युनिटच्या कप्प्यात लपवायचा मोहही टाळा. दुमजली रो-हाउस असेल तर एक अँटेना आडवा करा. उभ्या अँटेनाचा सिग्नल मुख्यतः आडवा पसरतो.

४. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला वेगळी नावं द्या. जवळ ५, लांब २.४. सोसायटीत २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी असते, म्हणून चॅनेल १, ६ किंवा ११ मधला मोकळा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. फक्त जेवण गरम करतानाच नेट अडखळत असेल तर मायक्रोवेव्हवर संशय घ्या, तोही २.४ च्याच आसपास चालतो.

५. एवढं करूनही एक खोली कोरडीच राहिली तर रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) त्या खोलीत लावू नका. तिथे त्याला स्वतःलाच सिग्नल मिळत नाही. तो अर्ध्या वाटेवर हवा. एकाच बँडचा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो, म्हणून दगडी घरात कॅट-६ प्रकारची लॅन केबल ओढून दुसरा राउटर लावणंच खरं. नाव-पासवर्ड तेच ठेवा, दुसऱ्या राउटरचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा नंबर) वेगळा द्या, त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल त्याच्या ‘वॅन’ (बाहेरून नेट येण्याच्या) पोर्टात न लावता ‘लॅन’ पोर्टात लावा.

६. राउटर अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत असेल तर आधी अडॅप्टर बदलून बघा. जुना झाला की तो भार पेलत नाही. लाइट गेल्यावर नेट हवं असेल तर मिनी यूपीएस घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज हवी. नुसती पिन बसते म्हणून जोडू नका, राउटरच्या तळाचं लेबल वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर जास्त असले तर चालतील, कमी नकोत.