मानसिक आरोग्याच्या कामात पाऊल ठेवताना या चुका टाळा

लोक आपल्यापाशी मन मोकळे करतात, एवढ्या भांडवलावर अनेक जण या क्षेत्रात येतात आणि पहिली चूक नावाच्या पाटीपासूनच करतात. मानसशास्त्रात एम. ए. केले म्हणजे कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांचे निदान व औषधांविना उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर ‘थेरपिस्ट’ म्हणवून घेणे हा तर अप्रामाणिकपणाच आहे.

याचा अर्थ मोठी पदवी नसणाऱ्यांना येथे वाव नाही, असे नव्हे. गोव्यातील ‘संगथ’ संस्थेने स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नैराश्यग्रस्त रुग्णांसाठी समुपदेशक म्हणून नेमले आणि त्याचे चांगले परिणाम २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मात्र तेथे भेटींची संख्या व आखणी ठरलेली होती, आणि ध्वनिमुद्रित संभाषणे सहकाऱ्यांसमोर ऐकून त्यांचे परीक्षण होत असे. नवखे उमेदवार नेमके हेच विसरतात: मुलाखतीत पगार विचारतात, पण आपल्या कामावर देखरेख कोण करणार आणि किती वेळा, हे विचारत नाहीत. देखरेख नसलेली नोकरी सुरुवातीला तरी स्वीकारू नये.

‘तुमचे बोलणे कोणालाही कळणार नाही’ असे सरसकट वचन देणे, ही दुसरी मोठी चूक. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, परंतु स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असल्यास अपवादही ठेवतो. ही मर्यादा पहिल्याच भेटीत सांगावी. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे थेट विचारल्याने तो विचार रुजत नाही. उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीला एकटे न सोडता वरिष्ठांना लगेच कळवावे. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक तिच्याजवळ असावा, तेथे मराठीतूनही बोलता येते.

औषधे कमी करण्याचा सल्ला कधीही देऊ नये. तो अधिकार डॉक्टरांचा.

दोन-तीन भेटींनंतर माणूस येईनासा झाला, तर ‘त्याची इच्छाच नाही’ असा शेरा मारण्याची घाई होते. बहुधा कारण साधे असते: बसभाडे, बुडणारी रोजंदारी, घरच्यांचा विरोध, किंवा ऐकण्याआधीच आपण दिलेला उपदेश. परवानगी आधी घेतलेली असेल तरच फोन करावा, आणि तोही कार्यालयाच्या क्रमांकावरून.